जुन्या आरशांचा काल व मूळ उपयोग

१. जुन्या वस्तूंच्या संग्रहांत आरसा ही वस्तु बरीच उपेक्षिली गेली आहे. नाणें हातीं आलें तर आपण त्यावरील अक्षरें वाचतों. पोथी आली तर पुष्पिका व लेखनशक पाहतों. ताम्रपट आला तर त्याची कडी व मुद्रा तपासतों. आरशावर मात्र बहुधा लेख नसतो, शक नसतो, कर्त्याचें नांव नसतें. त्यामुळें तो ज्या घरीं सांपडला त्या घराच्या कीर्तीवरून त्याचा काल ठरविला जातो. तीर्थपुरीसारख्या गोदाखोऱ्यांतील गांवीं एखादा जुना वाडा उतरविला, आणि माळ्यावरून डागाळलेला आरसा निघाला, म्हणजे तो ‘पेशवाईंतला’ ठरतो. आणि जमिनींतून हिरवट पडलेली तांब्याची गोल चकती निघाली, म्हणजे ती ‘ताटली’ समजून मोडींत जाते. पहिल्या प्रसंगीं वस्तूस नसलेलें वय चिकटतें. दुसऱ्या प्रसंगीं असलेलें वय नाहींसें होतें. हे दोन्ही अनर्थ टाळतां येण्यासारखे आहेत. आरसा मुका नाहीं. मात्र त्याचे निरनिराळे भाग निरनिराळी साक्ष देतात, आणि एका भागाची साक्ष दुसऱ्यास लागू करूं नये, एवढें पथ्य पाळलें पाहिजे. तें कसें पाळावें हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. परीक्षेसाठीं आरशाचे चार भाग कल्पावे. पहिला, ज्यांत प्रतिबिंब दिसतें तो पृष्ठभाग. दुसरा, कांच असल्यास तिच्या पाठीवरील लेप. तिसरा, मूठ, चौकट किंवा पेटी. आणि चौथा, त्या वस्तूचा संदर्भ, म्हणजे ती कोठें, कोणत्या थरांत, कोणत्या वस्तूंबरोबर किंवा कोणत्या कागदाबरोबर मिळाली तो तपशील. पहिल्या तिहींवरून बहुधा कालाची मर्यादा कळते. मूळ उपयोग मात्र तिसऱ्या व चौथ्या भागांवांचून क्वचितच ठरतो.

३. धातूचे आरसे. कांचेचा आरसा आपल्याकडे सर्वत्र होण्यापूर्वीं आरसा म्हणजे घांसून उजळलेला धातु. हडप्पा व मोहेंजोदडो येथें तांब्याचे आरसे मिळाले आहेत. अमरकोशांत दर्पण, मुकुर व आदर्श हे शब्द एकत्र दिले आहेत. त्यांपैकीं ‘आदर्श’ या शब्दापासून प्राकृतद्वारा जुन्या मराठींतील ‘आरिसा’ व आजचा ‘आरसा’ हे शब्द आले. ‘ऐना’ हा शब्द फारसीमार्गें आला. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत मळानें झांकलेल्या आदर्शाचा दृष्टान्त आहे. तो वाचतांना आपल्यापुढें धुळीनें भरलेली कांच उभी राहते. परंतु मूळ श्रोत्यांपुढें डाग चढून मंद झालेला, पुन्हां उजळावा लागणारा धातु असला पाहिजे. पोथ्यांच्या अभ्यासकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘आरसा घांसणें’, ‘आरसा उजळणें’ हे प्रयोग धातूच्या आरशाचे आहेत. ‘आरशाचा पारा उडणें’ हा प्रयोग कांचेच्या आरशाचा आहे. मात्र दृष्टान्त वस्तूपेक्षां दीर्घायुषी असतात, म्हणून केवळ अशा प्रयोगावरून ग्रंथाचा काल ठरवूं नये.

धातूचा आरसा ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. पृष्ठभागास नखाचें टोक लावावें. धातूच्या आरशांत नख व त्याचें प्रतिबिंब एकमेकांस भिडतात, कारण प्रतिबिंब अगदीं वरच्या पृष्ठावर पडतें. कांचेच्या आरशांत लेप पाठीमागें असल्यामुळें दोहोंमध्यें अंतर दिसतें, आणि कांच जितकी जाड तितकें तें अंतर अधिक. जमिनींतून निघालेल्या चकतीवर गंज असल्यानें ही परीक्षा होत नाहीं. तेथें पुढील लक्षणें पाहावीं. ताटलीस कांठ उचललेला असतो. आरशाची चकती बहुधा सपाट असते व तिच्या कडेस मुठींत बसविण्यासाठीं एक निमुळतें टोक काढलेलें असूं शकतें. तक्षशिलेच्या उत्खननांत असे आरसे आणि हस्तिदंताच्या मुठी मिळाल्या आहेत. मूठ लांकडाची असल्यास ती कुजून जाते व टोंक मात्र राहतें. म्हणून तें ‘मोडलेलें’ समजून कानशीनें घांसून टाकूं नये.

धातु कोणता हेंही पाहावें. तांब्यांत कथिलाचें प्रमाण सुमारें एक तृतीयांश असलें म्हणजे मिश्रधातु पांढुरका, अतिशय कठीण पण ठिसूळ होतो आणि त्यास उत्तम झिलई चढते. केरळांतील आरन्मुळा येथील प्रसिद्ध आरसे याच जातीचे असून ते आजही मातीच्या साच्यांत ओतून हातानें घांसून तयार होतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, चकती पडून वांकण्याऐवजीं कांचेसारखी फुटली असेल तर ती आरसा असण्याचा संभव वाढतो. दुसरी, धातूचा आरसा म्हणजे प्राचीन आरसा हें समीकरण खोटें आहे. ज्या कृतीचा शेवट अद्याप झालेला नाहीं तिच्यावरून कालाची खालची मर्यादा बांधतां येत नाहीं.

४. पाऱ्याचे आरसे. कांचेच्या आरशाचा इतिहास याच्या उलट आहे. त्याच्या कृतींचे आरंभ बरेच निश्चित आहेत. व्हेनिसजवळील मुरानो बेटांतील दाल गाल्लो बंधूंस इ. स. १५०७ मध्यें स्वच्छ कांचेचे आरसे करण्याचा मक्ता मिळाला. पुढें यूरोपभर चाललेली कृति अशी : सपाट दगडी मेजावर कथिलाचा पातळ पत्रा पसरावयाचा, त्यावर पारा ओतावयाचा, त्यावर कांच सरकवीत आणून बसवावयाची, आणि वजन ठेवून जादा पारा कित्येक दिवस निथळूं द्यावयाचा. आपल्या भाषेंत आरशाच्या लेपास ‘पारा’ म्हणतात तें याच कृतीचें स्मरण होय. आजच्या आरशांत पारा नसतो, तरी शब्द राहिला आहे.

अशा आरशाची लक्षणें पुढीलप्रमाणें आहेत. पाठीवर रंग नसतो; करड्या, रुपेरी, बारीक कण चमकणाऱ्या धातूचा थर उघडा दिसतो. प्रतिबिंब किंचित् निळसर-करडें व मंद असतें. जुनेपणानें लेपावर राखाडी ठिपके पडतात, आणि पारा हळूहळू खालीं उतरून खालच्या कडेशीं त्याचे सूक्ष्म थेंब जमतात. हें शेवटचें लक्षण विशेष उपयोगी आहे; कारण त्यावरून आरसा वर्षानुवर्षें कोणत्या बाजूनें टांगला होता हें कळतें. उभ्या चौकटींतील आरशाची उभी कड बिघडलेली दिसली, तर तो आरसा पूर्वीं दुसऱ्या चौकटींत आडवा होता असें अनुमान करावें.

कांचेचीही साक्ष घ्यावी. फुंकून केलेल्या कांचेंत बुडबुडे, लाटा व कमीअधिक जाडी दिसते. डोकें हलवितांच प्रतिबिंब डुलतें. फुंकलेल्या कांचेच्या आकारास मर्यादा असल्यामुळें मोठा आरसा करण्यासाठीं दोन तुकडे जोडावे लागत. ओतीव मोठ्या कांचेची कृति फ्रान्समध्यें सतराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. अगदीं निर्दोष सपाट, लाट नसलेली कांच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात. ती कृति १९५९ पासूनची आहे. अशी कांच जुन्या चौकटींत दिसल्यास ती मागाहून बसविली असें निःशंक समजावें.

५. चांदीचे आरसे आणि ‘पेशवाई’. जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें १८३५ मध्यें चांदीच्या क्षारापासून कांचेवर शुद्ध चांदीचा थर बसविण्याची क्रिया दाखविली. १८४३ मध्यें इंग्लंडांत ड्रेटन यानें अशाच क्रियेची सनद घेतली, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत चांदीचे आरसे व्यापारांत रूढ झाले. पाऱ्याचे आरसे त्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या बरोबरीनें होत राहिले. चांदीच्या आरशाचें प्रतिबिंब अधिक उजळ व किंचित् उबदार छटेचें असतें. चांदी टिकावी म्हणून पाठीवर रोगण किंवा तांबूस-तपकिरी रंग दिलेला असतो. आणि जुनेपणानें कडा काळवंडतात.

यावरून एक साधा पण महत्त्वाचा नियम निघतो. पेशवाईचा अंत १८१८ मध्यें झाला. पुण्याच्या शनिवारवाड्यांत ‘जुना आरसेमहाल’ होता. तो वाडा १८२८ च्या आगींत जळाला. या दोन्ही गोष्टी लीबिगच्या शोधापूर्वींच्या आहेत. म्हणून पाठीस चांदी व रंग असलेला आरसा ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखविला जात असेल, तर एकतर तें म्हणणें चुकीचें आहे, किंवा कांच जुनी असून लेप नवा आहे. उलट दिशेनें मात्र हा नियम चालत नाहीं. पाऱ्याचा लेप आहे म्हणून आरसा १८३५ पूर्वींचा ठरत नाहीं. तो १८८० चाही असूं शकतो. चांदी ‘यानंतरचा’ एवढें सांगते. पारा ‘यापूर्वींचा’ असें सांगत नाहीं.

दुसरा एक प्रकार येथेंच नमूद करणें योग्य होईल. आरसेमहालांतील नक्षीचे व कशिद्यांतील लहान आरसे पुष्कळदां सपाट नसून किंचित् फुगीर असतात. कांचेचा मोठा फुगा फुंकून त्याच्या आंतून वितळलेल्या धातूचा थर फिरवावयाचा आणि मग त्याचे तुकडे कापावयाचे, अशी ही देशी कृति असून गुजराथेंतील कपडवंज हें गांव तीसाठीं प्रसिद्ध आहे. मराठवाड्यांतील बंजारा स्त्रियांच्या जुन्या पेहरावावरील आरसे तपासतांना हा फुगीरपणा पाहावा. कारण यंत्रानें कापलेले अलीकडचे तुकडे सपाट असतात.

६. चौकट. चौकट व कांच यांचीं वयें भिन्न असणें हा अपवाद नसून नेहमींचा प्रकार आहे. लोहारी खिळे चौकोनी व असमान असतात. तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आले. पाठीच्या फळीवर हातकरवतीच्या रेघा सरळ उमटतात, गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या रेघा कमानीसारख्या. लांकूड सर्वत्र सारखें काळवंडलें आहे कीं कांहीं भाग रंगवून काळा केला आहे, आणि एकाच खांचेंत खिळ्यांचीं जुनीं रिकामीं भोकें आहेत काय, हेंही पाहावें. कांच हलूं नये म्हणून पाठीमागें कागद भरलेले असल्यास ते फेंकूं नयेत. एखादा मोडी फर्दाचा तुकडा किंवा जुनें वर्तमानपत्र हेंच त्या आरशाचें एकमेव तारीखवार साधन असूं शकतें. मात्र त्यावरून आरसा त्या तारखेनंतर केव्हां तरी बांधला गेला एवढेंच सिद्ध होतें.

७. उपयोगाचा प्रश्न. आरसा म्हटला कीं शृंगार ही कल्पना सहज मनांत येते, पण मराठी घरांत आरशाचीं कामें अनेक होतीं. फणेरपेटींतील आरसा झांकणाच्या आंतल्या बाजूस बसविलेला असे, आणि खालीं फणी, मेण, कुंकवाचा करंडा यांचे खण असत. अशा पेटींतून सुटलेल्या कांचेच्या कडा उघड्या नसून लांकडी पट्टीखालीं दबलेल्या असल्यामुळें त्या कडांस स्वच्छ पट्टा दिसतो. न्हाव्याच्या धोकटींतील आरसा लहान, हलका व फिरतीस योग्य असे. देवपूजेंत छत्र, चामर, गीत, नृत्य यांबरोबर दर्पण हाही राजोपचार आहे. जैन संप्रदायांत दर्पण अष्टमंगलांपैकीं एक आहे. अशा पूजेच्या दर्पणास पितळी बैठक असूं शकते, आणि त्याच्या पृष्ठावर गंध-कुंकवाचे अवशेष राहतात. ते ‘मळ’ म्हणून चिंचेनें घांसून काढले कीं उपयोगाचा पुरावाच गेला.

चित्रें व शिल्पें यांचें साहाय्य येथें होतें. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत प्रसाधन करणारी स्त्री हातांत वाटोळा आरसा धरून उभी आहे. बेलूरच्या बाराव्या शतकांतील मंदिरावरील दर्पणसुंदरी प्रसिद्ध आहे. आरसा कसा धरीत, त्याचा आकार चेहऱ्याच्या मानानें केवढा असे, हें अशा ठिकाणीं प्रत्यक्ष दिसतें.

८. भोकरदन व पॉम्पेई. उपयोग ठरविणें किती अवघड असतें याचें सर्वोत्कृष्ट उदाहरण याच जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांतील भोकरदनशीं निगडित आहे. इटलींतील पॉम्पेई हें शहर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या स्फोटांत गाडलें गेलें. तेथें १९३८ मध्यें आमेदेओ मैउरी यांस एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. ती सध्यां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. उंची सुमारें २५ सेंटिमीटर. अंगावर अलंकार विपुल, वस्त्र जवळजवळ नाहीं. दोन्ही बाजूंस प्रसाधनपात्रें घेतलेल्या दोन दासी. घडण निर्विवाद भारतीय. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें यक्षी म्हणणें अधिक संयुक्तिक ठरलें. मूर्तीच्या मस्तकांतून खालीं उभें छिद्र पाडलेलें आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी, असें मत प्रथम प्रसृत झालें.

मूर्ति कोठली हा दुसरा प्रश्न. आरंभीं मथुरेकडे बोट दाखविलें जाई. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि भोकरदन या दोन ठिकाणीं तिच्याशीं साम्य असलेलीं हस्तिदंती शिल्पें मिळालीं. भोकरदनचें उत्खनन १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून, डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखालीं केलें. हेंच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांचीं नांवें सांचीच्या लेखांत आढळतात. तेथील हस्तिदंती मूर्ति खंडित असली तरी सातवाहनकालीन वसाहतीच्या उत्खननांत मिळालेली आहे. म. के. ढवळीकर यांनीं पॉम्पेईची मूर्ति भोकरदनच्या परिसरांत घडली असावी असें प्रतिपादन केलें. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत पैठण हें भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें आहे; भडोचच्या निर्गत मालांत हस्तिदंत, आणि आयात मालांत तांबें, कथिल व शिसें यांचा उल्लेख आहे. म्हणजे आरशाच्या धातूस लागणारें कथिल ज्या बंदरांतून आंत येई, त्याच बंदरांतून हस्तिदंत बाहेर जात होता.

आतां उपयोगाकडे वळूं. मूर्तीच्या तळावर एक खरोष्ठी अक्षर कोरलेलें आहे. बेग्राम येथें १९३७ नंतर फ्रेंच संशोधकांस मिळालेल्या हस्तिदंती कामांवरही भाग जुळविण्यासाठीं कोरलेलीं अशीं अक्षरें आहेत. पॉम्पेईच्या मूर्तीवरील अक्षर त्याच जातीचें असेल, तर ती सुटी मूठ नसून अनेक भागांच्या वस्तूंतील एक अवयव ठरते. १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत डुरिंग कास्पर्स या विदुषीनें तिच्या उपयोगाचा फेरविचार केला; लहान शोभिवंत तिपाईचा पाय ही कल्पना तेव्हांपासून मुठीच्या कल्पनेशेजारीं उभी आहे. आमच्या मतें तिपाईच्या बाजूचा पुरावा अधिक वजनदार आहे. वीतभराहून उंच, दोन्ही अंगांस दासी असलेली मूर्ति मुठींत धरणें सोयीचें नाहीं. आणि मस्तकांतील छिद्र आरशाच्या टोंकासाठीं जसें योग्य, तसें वरची फळी बसविणाऱ्या खुंटीसाठींही योग्य आहे. छिद्र जोड सिद्ध करतें. कशाशीं जोड हें सिद्ध करीत नाहीं. तक्षशिलेच्या मुठींविषयीं असा वाद होत नाहीं, कारण तेथें मुठींच्या जोडीला आरसेही हातीं आले आहेत.

या उदाहरणांत काल व उपयोग यांचा फरक स्पष्ट होतो. इ. स. ७९ ही कालाची मर्यादा राखेनें दिली, ती मूर्तीच्या शैलीनें दिली नाहीं. भोकरदनचा खंड पूर्ण नसूनही बहुमोल ठरला, कारण त्याचा थर माहीत होता. तोच खंड एखाद्या दुकानांत, ठावठिकाणा नसलेला, मिळाला असता तर नेपल्सच्या मूर्तीच्या जन्मस्थानाचा प्रश्न तो सोडवूं शकला नसता.

९. संग्राहकांचें कर्तव्य. यावरून संग्राहकांनीं पाळावयाचे नियम थोडक्यांत सांगतों. (अ) आरसा हलविण्यापूर्वीं तो कोठें, कोणत्या बाजूनें होता याची नोंद व छायाचित्र घ्यावें. (आ) जुन्या लेपावर नवा लेप कधींही देऊं नये. नव्या लेपानें आरसा चकचकीत होतो, पण त्याची साक्ष कायमची पुसली जाते. (इ) पाऱ्याचा लेप खरवडूं नये, तापवूं नये, थेंबांस उघडा हात लावूं नये. पाऱ्याची वाफ विषारी आहे. असा आरसा नेतां-आणतांना तो टांगला होता त्याच बाजूनें उभा ठेवावा. (ई) धातूच्या चकतीवरील हिरवा थर चिंच, राख किंवा आम्ल यांनीं काढूं नये. (उ) घराण्याच्या याद्या, जमाखर्च व वांटणीपत्रें यांत आरसा, ऐना, दर्पण, फणेरपेटी हे शब्द शोधून मूळ शब्द व शक यांसह उतरून घ्यावे. ज्या वस्तूचा उल्लेख सांपडला ती हीच, असें मात्र माप, जोडकाम किंवा मोड यांची खूण जुळल्यावांचून म्हणूं नये. (ऊ) शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेंत येतात आणि हस्तिदंताच्या व्यापारास कायद्यानें बंदी आहे. म्हणून जमिनींत असें कांहीं मिळाल्यास तें विकण्याचा वा लपविण्याचा विचार न करितां पुरातत्त्व खात्यास कळवावें.

१०. नोंद करितांना ‘जुना’, ‘पेशवाईंतला’, ‘प्राचीन’ अशीं विशेषणें न घालतां चारही भागांचीं लक्षणें वेगवेगळीं लिहावीं : पृष्ठभाग अमुक, लेप अमुक, चौकट अमुक, संदर्भ अमुक, आणि प्रत्येकापुढें तो ‘यानंतरचा’ कीं ‘यापूर्वींचा’ हें लिहावें. चारही मर्यादा जेथें एकमेकींत बसतात तेवढाच त्या वस्तूचा काल. जेथें बसत नाहींत तेथें दुरुस्ती, बदल किंवा बनावट आहे. गोदाखोऱ्यांतील पैठण ते तेर या जुन्या वाटेच्या टापूंत, जेथें दोन हजार वर्षांपूर्वींच्या हस्तिदंती कामाचा पुरावा हातीं आला आहे, अशा पन्नास नोंदी जरी काळजीपूर्वक झाल्या तरी आरशासारख्या घरगुती वस्तूचा इतिहास लिहावयास प्रारंभ करितां येईल.